अपंगांचे खेळ आणि कारखान्यांची नगरी

कारखान्यांतील अपघाताची बातमी वर्तमानपत्रांत चार ओळींत संपते. यंत्रांत हात सांपडला, उंचावरून पडून कामगार जखमी झाला, रात्रपाळीहून परततांना वाहनाची धडक बसली, इतकें कळतें आणि वाचक पान उलटतो. त्या माणसाचें आयुष्य मात्र त्या चार ओळींनंतर तीस-चाळीस वर्षें चालावयाचें असतें. रुग्णालयांतील उपचार संपतात, राज्य विमा योजनेचें किंवा नुकसानभरपाईचें काम कधीं लवकर, कधीं उशिरां मार्गी लागतें, आणि मग तो इसम दुसऱ्या मजल्यावरील खोलींत खिडकीजवळ बसून राहतो. पोटाची सोय झाली म्हणजे प्रश्न सुटला असें आप्तांस वाटतें. वस्तुतः पुढील वर्षें त्यानें कशीं घालवावीं हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पुण्याच्या वायव्येस पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी, आणि तेथून उत्तरेकडे चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, त्याची वाढ एका माणसाच्या हयातींत झालेली आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. पुढें टेल्को व बजाज यांसारखे मोठे मोटार-उद्योग आले. आणि या शतकांत चाकणच्या माळावर देशी-विदेशी मोटारी तयार होऊं लागल्या. त्यांच्या आश्रयानें सुटे भाग करणाऱ्या लहान कार्यशाळा ठिकठिकाणीं उभ्या राहिल्या. पत्रा कापणारी व दाबणारी पॉवर प्रेस हें तेथील नित्याचें यंत्र. तिच्याखालीं बोटें व पंजे चिरडतात. छपरावरून किंवा परांचीवरून पडल्यानें कणा मोडतो. जड वाहनांच्या रस्त्यावर पाय गमावले जातात. ज्या नगरींत अपंगत्व येण्याचीं कारणें इतकीं जवळ आहेत, तेथील सुशिक्षित कुटुंबांस अपंगांच्या, म्हणजे आजच्या सरकारी भाषेंत दिव्यांगांच्या, खेळांची नीट माहिती असणें अगत्याचें आहे.

हे खेळ रुग्णालयांत जन्मास आले. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं कणा मोडून कमरेखालील अंग लुळें पडलेला माणूस फार दिवस जगत नसे. एकाच कुशीवर पडून राहिल्यानें अंगाला क्षतें पडत, किंवा मूत्रमार्गांत जंतु शिरत, आणि त्यांतच त्याचा अंत होई. १९३९ सालीं जर्मनी सोडून इंग्लंडांत आलेले मज्जातंतूंच्या विकारांचे तज्ज्ञ डॉक्टर लुडविग गुटमन यांनीं १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयांत अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलावयाची, हा त्यांचा पहिला दंडक; आणि त्याला अंथरुणाला खिळून राहूं द्यावयाचें नाहीं, हा दुसरा. खेळ हा या दुसऱ्या दंडकाचाच भाग होता. २९ जुलै १९४८ रोजीं, म्हणजे लंडन येथें ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, त्यांनीं रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ जखमी स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. बारा वर्षांनीं, १९६० सालीं, रोम येथें २३ देशांतील सुमारें ४०० खेळाडू जमले. आज ज्यांस पॅरालिंपिक सामने म्हणतात त्यांचा आरंभ तेथून धरतात.

खेळ औषधाचें काम कसें करतो, हें समजून घेण्यासारखें आहे. पायांचें बळ गेलें म्हणजे खुर्ची लोटणें, पलंगावरून खुर्चीवर जाणें, स्नानगृहांत बसणें, हीं सर्व कामें खांद्यांवर व दंडांवर येऊन पडतात. बसून राहणाऱ्याचे खांदे दुबळे होतात, आणि कांहीं महिन्यांत त्याला प्रत्येक कामीं दुसऱ्याचा हात लागूं लागतो. खेळणाऱ्याच्या छातीचा भाता चालतो, रक्ताभिसरण सुधारतें, आणि धडाच्या उरलेल्या स्नायूंना तोल सांभाळण्याची संवय लागते. तोल सांपडला म्हणजे खुर्चीवरून पडण्याची भीति जाते. आणि भीति गेली म्हणजे माणूस घराबाहेर पडतो.

अर्थात् या औषधाला पथ्येंहि आहेत. ज्या भागाची संवेदना गेली आहे तेथील कातडी घासली तरी कळत नाहीं. म्हणून आसनावर चांगली गादी हवी, मधून मधून दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचललें पाहिजे, आणि रोज रात्रीं आरशाच्या साह्यानें कातडी तपासली पाहिजे. मानेच्या भागांत मज्जारज्जूस इजा झालेल्यांना पुरेसा घाम येत नाहीं. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत त्यांचें अंग झपाट्यानें तापतें. त्यांनीं सकाळीं किंवा सावलींतच खेळावें. खांद्यांना एकाएकीं फार ताण देऊं नये, आणि आरंभ करण्यापूर्वीं वैद्याची संमति घ्यावी.

या सर्व खेळांत चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉल, म्हणजे व्हीलचेअर बास्केटबॉल, हा सर्वांत गतिमान व सांघिक खेळ होय. महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, अमेरिकेंतील जखमी सैनिकांनीं रुग्णालयांच्या व्यायामशाळांत तो सुरू केला. १९४९ सालीं त्याचें राष्ट्रीय मंडळ तेथें स्थापन झालें. १९६० सालीं रोम येथें तो खेळला गेला, आणि १९६८ सालीं तेल अवीव येथें स्त्रियांचेहि सामने झाले. भारतांत या खेळाचें फेडरेशन चेन्नई येथील माधवी लता यांच्या पुढाकारानें निघालें व २०१४ सालापासून राष्ट्रीय स्पर्धा होऊं लागल्या. महाराष्ट्राचे स्त्रीपुरुष संघहि त्यांत उतरतात.

खेळाचें मैदान नेहमींचेंच असतें: २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. प्रत्येक बाजूस पांच खेळाडू, आणि दहा दहा मिनिटांचे चार भाग. टोपलीचें कडें जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, उंचीवर असतें. बसलेल्या माणसासाठीं तें एक इंचहि खालीं आणलेलें नाहीं. बदल आहे तो चालीच्या नियमांत. उभ्या खेळांत चेंडू हातीं घेऊन किती पावलें टाकावयाचीं यास मर्यादा असते. येथें चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोन वेळां ढकलतां येतें; तिसऱ्यांदा ढकलण्यापूर्वीं तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीं तर सोबत्याकडे फेंकावा किंवा टोपलींत टाकावा लागतो. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग समजतात. म्हणून तिला दिलेला धक्का अंगाला दिल्यासारखाच नियमभंग ठरतो. उंची मिळविण्यासाठीं आसनावरून उठणें दंडपात्र आहे. ज्याच्या मांड्यांत थोडें बळ उरलें आहे, त्यानें ज्याच्या मांड्यांत तें मुळींच नाहीं त्याच्यावर सरशी करूं नये, असा त्या नियमाचा हेतु.

परंतु या खेळाचें मर्म त्याच्या गुणांकनांत आहे. प्रत्येक खेळाडूस त्याच्या शरीराची, विशेषतः धडाची, हालचाल पाहून १ पासून ४.५ पर्यंत गुण देतात. ज्याचें धड आधारावांचून सांवरत नाहीं त्यास १. ज्याचा एक पाय गुडघ्याखालीं गेला असून बाकीचें शरीर धडधाकट आहे त्यास ४.५, आणि इतरांस मधले. मैदानावर एका वेळीं असणाऱ्या पांच जणांच्या गुणांची बेरीज १४ पेक्षां अधिक होतां कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. साडेचार गुणांचे पांच बलवान निवडले तर बेरीज साडेबावीस होते व तो संघ मैदानावर येऊंच शकत नाहीं. ४.५, ४, २.५, २ आणि १ अशी जुळणी केली म्हणजे बरोबर १४ होतात. या जुळणींत शेवटचा, सर्वांत दुर्बळ दिसणारा खेळाडू कोणी दयेनें घेतलेला नसतो. त्याच्यावांचून हिशेब जमत नाहीं. त्याचें कामहि ठरलेलें असतें. आपली खुर्ची आडवी घालून तो प्रतिपक्षाची वाट रोखतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या फटींतून त्याचा सोबती टोपलीकडे धांव घेतो. गुण ज्याच्या हातून होतो त्याच्याइतकाच वांटा वाट मोकळी करून देणाऱ्याचा असतो, हें जाणते प्रेक्षक ओळखतात.

हें तत्त्व मराठी घरांस अगदींच नवें नाहीं. लंगडीच्या खेळांत धरणाऱ्याचा एक पाय नियमानेंच काढून घेतलेला असतो. खो-खोंत पाठलाग करणाऱ्यास एकदां दिशा घेतली म्हणजे मागें वळतां येत नाहीं. लंगडी घालणाऱ्याची कोणी कींव करीत नाहीं, कारण डाव येईल त्या प्रत्येकाला तेंच बंधन असतें, आणि त्या बंधनांतच खेळाची गंमत असते. चालावयास शिकणाऱ्या मुलापुढें जी तीन चाकांची गाडी ठेवतात तिला मराठींत पांगुळगाडा हें नांव आहे. तिचा आधार घेतल्याची लाज कोणा मुलास वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. साधनाचा आधार घेण्यांत कमीपणा आहे, ही मोठेपणीं शिकलेली समजूत आहे. कॅनडांत स्थानिक सामन्यांमध्यें धडधाकट माणसेंहि खुर्चींत बसून हा खेळ खेळतात. एकदां सर्वजण खुर्चींत बसले म्हणजे खुर्ची हें खेळाचें साधन होतें, जसा चेंडू किंवा जसें मैदान.

ही खुर्ची मात्र रुग्णालयांतील खुर्ची नव्हे. रुग्णालयांतील घडीची लोखंडी खुर्ची वीस किलोच्या आसपास भरते. खेळाची खुर्ची हलक्या धातूच्या नळ्यांची, अखंड सांगाड्याची व सुमारें निम्म्या वजनाची असते. तिचीं मोठीं चाकें सरळ उभीं नसतात. वरच्या बाजूस आंत व खालच्या बाजूस बाहेर, अशीं तिरपीं बसवितात. त्यामुळें पाया रुंद होतो, खुर्ची सहजासहजीं कलंडत नाहीं, झटकन् वळते, आणि दोन खुर्च्या भिडल्या तरी चाकांवरील हात सुरक्षित राहतात. पुढें दोन लहान चाकें, मागें उलथूं नये म्हणून आणखी एखाद-दुसरें चाक, आणि पायांपुढें धक्का झेलणारा दांडा असतो. खेळाडू कमरेशीं व मांड्यांशीं पट्टे आवळून खुर्चीशीं एकजीव होतो. नळी वांकविणें, सांधा जोडणें, बेअरिंग बसविणें, चाकाची धांव नीट करणें, हीं या खुर्चीचीं सारीं कामें आहेत. आणि हीं कामें करणारे हात भोसरी-चाकणच्या कार्यशाळांत जितके सांपडतील तितके क्वचितच दुसरीकडे सांपडतील.

या भूमीला अशा खेळांची परंपराहि आहे. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचे. सैन्याच्या विद्युत् व यांत्रिकी दलांत असतांना ते मुष्टियोद्धे म्हणून पुढें आले. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या, कण्यास इजा झाली व पाय लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यांत उतरले. १९६८ सालीं तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्यें ते टेबल टेनिस खेळले. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर मुक्त पोहण्याची शर्यत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला व सुवर्णपदक मिळविलें. ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिक सामन्यांत भारतीयानें एकट्यानें मिळविलेलें तें पहिलें सुवर्णपदक होय. त्याच सामन्यांत भालाफेंकींत आणि खुर्ची वळणावळणानें हांकण्याच्या शर्यतींतहि ते अंतिम फेरींत होते. क्रिकेटपटु विजय मर्चंट यांच्या संस्थेनें त्यांना साह्य केलें होतें. पुढें पेटकरांनीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांत नोकरी केली. म्हणजे हा विक्रमवीर याच औद्योगिक पट्ट्यांतला नोकरदार होता. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०२४ सालीं त्यांच्या आयुष्यावरील चित्रपट निघाल्यावर त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें. सुवर्णपदकापासून घरोघर नांव होईपर्यंत ५२ वर्षें गेलीं, ही गोष्ट समाजानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पिंपरी-चिंचवडच्या सीमेवर, मुळा नदीच्या अलीकडे, खडकी आहे. कण्यास इजा झालेल्या सैनिकांसाठीं तेथें १९७४ सालीं पुनर्वसन केंद्र स्थापन झालें. तेथील सैनिक खुर्चीवरून बास्केटबॉल व इतर खेळ खेळत आले आहेत. तेथेंच बॉम्बे एंजिनियर ग्रूपच्या आवारांत सैन्यानें २०१७ सालीं पॅरालिंपिक खेळांचें शिक्षणकेंद्र उघडलें. नागालँडचे होकाटो सेमा यांचा डावा पाय सुरुंगानें गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रांत असतांना एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें त्यांना गोळाफेंकीचा मार्ग दाखविला, तेव्हां त्यांचें वय बत्तिसाच्या घरांत होतें. २०२४ सालीं पॅरिस येथें बसून गोळा फेंकण्याच्या प्रकारांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. उशिरां आरंभ झाला तरी फळ येतें, याचा हा जवळचा दाखला. सैनिकाला हें साधलें, कारण रुग्णालय, निवास, मैदान आणि शिक्षक हीं चारहि त्याला एका ठिकाणीं मिळालीं. कारखान्यांतील कामगाराच्या वांट्याला बहुधा त्यांतील पहिलेंच येतें.

ज्यांचा हात गेला आहे त्यांना खुर्चीवरील बास्केटबॉल जमेलच असें नाहीं. पण त्यांनाहि अन्य खेळ मोकळे आहेत. सांगली जिल्ह्यांतीलच सचिन खिलारी यांचा डावा हात शाळेंत असतांना सायकलच्या अपघातानंतर अधू झाला. पॅरिस येथें २०२४ सालीं त्यांनीं गोळा १६.३२ मीटर फेंकून रौप्यपदक मिळविलें. ज्याचा एक हात शाबूत आहे त्याला धांवणें, फेंकणें, पोहणें, बॅडमिंटन यांत स्वतंत्र वर्ग आहेत. ज्यांना खुर्ची सुद्धां स्वतः लोटतां येत नाहीं त्यांच्यासाठीं बोच्चा नांवाचा खेळ आहे: मऊ कातडी चेंडू एका पांढऱ्या चेंडूच्या जास्तींत जास्त जवळ टाकावयाचा, आणि हात चालत नसेल तर उतरत्या पन्हळीवरून सोडावयाचा. तात्पर्य, ज्याला कोणताच खेळ नाहीं असा अपंग मनुष्य क्वचितच आढळेल.

मग उणीव कशाची आहे? कायद्याची नाहीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्याच्या ३० व्या कलमान्वयें खेळांत अपंगांना भाग घेतां यावा यासाठीं उपाय योजणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें आहे. पैशालाहि मार्ग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांनीं आपल्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास द्यावयाचा असतो, आणि त्या कार्यांच्या यादींत पॅरालिंपिक खेळांचें शिक्षण हें नांवानिशीं आलेलें आहे. महानगरपालिकेनें मोरवाडी येथें दिव्यांग भवन उभारलें आहे, आणि जानेवारी २०२५ मध्यें चिंचवड येथें पर्पल जल्लोष या नांवानें दिव्यांगांचा महोत्सव भरविला. महोत्सव तीन दिवसांत संपतो. बसून राहणाऱ्या माणसाला मात्र आठवड्यांतून दोन-तीन संध्याकाळ हव्या असतात, त्याहि वर्षभर.

त्यासाठीं लागणारी सामग्री फार नाहीं. एक गुळगुळीत, छपराखालचें मैदान. तेथपर्यंत पायरीऐवजीं उतार. खुर्ची आंत जाईल एवढ्या रुंद दाराचें स्वच्छतागृह. दहा-बारा खेळाच्या खुर्च्या, ज्या एकाच्या मालकीच्या न राहतां मैदानावरच राहतील. नियम जाणणारा एक शिक्षक. आणि घरापासून मैदानापर्यंत नेणारें वाहन. यांतील शेवटची बाब लोक विसरतात, आणि बहुतेक उपक्रम तिच्यामुळेंच बंद पडतात. मोठे कारखाने आपल्या कामगारांना आणण्यासाठीं रोज तिन्ही पाळ्यांना बसगाड्या चालवितात. त्यांतील एका गाडीस उचलफळी बसवून ती आठवड्यांतून दोन संध्याकाळीं या कामीं दिली, तर चाकणचा माणूस पिंपरीच्या मैदानावर पोहोंचूं शकेल.

घरच्या माणसांचेंहि कांहीं काम आहे. त्याला त्रास नको, म्हणून त्याचा प्रत्येक पेला उचलून देणारे आप्त प्रेमळ असतात. परंतु त्या प्रेमानें त्याचे खांदे दुबळे होतात. खुर्ची त्याची त्याला लोटूं द्यावी, मग दाराशीं पोहोंचावयास दोन मिनिटें अधिक लागलीं तरी चालतील. सोसायटीच्या सभेंत दाराशीं उतार करण्याचा ठराव मांडण्यास कोणा अधिकाऱ्याची परवानगी लागत नाहीं. आणि अशा खेळांचा सामना जवळपास असेल तेव्हां मुलांना घेऊन तो पाहावयास जावें. दुसऱ्या कोणत्याहि सामन्याला जातो तसें तिकिटाच्या रांगेंत उभें राहून, आवडत्या संघाच्या बाजूनें ओरडण्यासाठीं. कोणी चुकला तर चुकला म्हणावें. टोपली दहा फुटांवर आहे. पहिल्या आठवड्यांत चेंडू तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं, पुढें पुढें कड्याला लागूं लागतो, आणि मग एखाद्या संध्याकाळीं आंत जातो.